याहून भडक पिवळा

इटलीतल्या प्रोचिदा बेटावरच्या रंगाच्या दुकानात, रांगेत नुन्झिओ नावाच्या गिऱ्हाइकाच्या पुढेच एका सासू-सुनेची जुंपली होती.

"अहो आई, बाहेरून फिकट राखाडी आणि आत दुधी पांढरा. किती शोभून दिसेल!"

"आत तुला हवा तो लाव गं. बाहेर भडक पिवळाच."

"डोळ्यांत खुपतो तो!"

"खुपायलाच हवा. परतताना होडीतून आपलं घर ओळखू यायला नको?"

"आता फोनवर नकाशा दिसतो की."

"तुझ्या सासऱ्यांना दिसतो? हल्ली आपलं पिवळं घरसुद्धा पांढरट दिसतं म्हणतात."

"मग बाबांना समुद्रावर जाऊच का देता?"

"तू अडवून बघ."

सुनेने राखाडीचा नमुना दुकानदाराला परत दिला आणि सासूच्या हातातला पिवळ्याचा नमुना घेऊन त्याला दाखवला.

"दादा, याहून भडक पिवळा नाही का?"