आण्णांच्या जीपची खडखड

आमच्या वडलांची, आण्णांची, ती जुनी फोर-व्हील जीप म्हाईत हाय न्हवं? राधानगरी रोडला लागली की पुढनं खडखड आणि स्टेअरिंग थरथर. पार इकायला काढलती की! रफिक मेस्त्रीनं पुढचं सगळं खोलून बघितलं. तो चालवायचा तवा गाडी एकदम गप्प.

शेवटी तो आण्णांच्या शेजारी बसला. निघतानाच आण्णांनी चारी चाकांना इंजनाचा जोर देणारा फोर-व्हीलचा दांडा वढला.

"आण्णा, ह्यो चिखलात टाकायचा! डांबरावर कशाला?"

"मग दोन चाकांनी राबायचं आणि दोन चाकांनी बसून खायाचं व्हय? माझ्या घरात चालायचं न्हाय!"

रफिकनं मागं बसलेल्या आम्हा तिघा भावांकडं बघितलं. "मग ह्यांचं काय, आण्णा?"

दांडा काढल्यावर जीप गप्प झाली. आम्ही त्याच्या आधीच झालतो.