ओहायोत कोण पुढे?

लहानपणी निवडणूक आली की प्रचाराच्या रिक्षातून एक बाई ओवीच्या चालीवर मतं मागत यायची, आणि तिच्या आवाजाने अंगणातली कामं थांबायची. परवा इथे ओमानमध्ये, सोहारला, रेसिडेंट कार्डाच्या वैद्यकीय तपासणीच्या रांगेत, तसाच चढा आवाज पुढच्या काकांच्या मोबाइलमधून आला, पण अमेरिकेतल्या एका उमेदवाराचा, इंग्रजीत. शेजारी काकू होत्या.

“अहो, हळू करा. या रांगेत अमेरिकेचा मतदार नाही कुणी.”

“अगं, ऐक तरी. कॉन्झर्व्हेटिव्ह आहे, पण मुद्द्याचं बोलतो.”

“काय म्हणतोय?”

“बाहेरून आलेल्यांना परत पाठवा म्हणतोय.”

“वा! आणि तुम्ही कुठल्या रांगेत उभे आहात?”

“आपलं वेगळं. आपण कागदपत्रं घेऊन आलोय.”

“बरं, आपल्या गावचा सरपंच कोण?”

“बदलला असेल आता.”

“आणि ओहायोत कोण पुढे?”

“आपला! दोन टक्क्यांनी.”

“आपला म्हणे! काल गॅसवरचं दूध उतू गेलं, तरी कान याच्याकडेच. एवढं काय आहे हो या माणसात?”

“काही नाही. मला तो आवडतसुद्धा नाही.”

“मग?”

“आपला कौशिक ऐकतो त्याला. अमेरिकेत गेल्यापासून पोरगा तुझ्याशी तासभर बोलतो. माझ्याशी मात्र ‘बरं आहे बाबा, आईला द्या’ एवढंच. गेल्या शुक्रवारी मी याचं नाव काढलं, तर चाळीस मिनिटं बोलला गं माझ्याशी.”