कॉपी आली नाई

बस न, उभी कायले राह्यली? — नाई आली म्हटलं न एकदा तुमच्या गेमाची कॉपी. कॉपी आली नाई. मी खोटं बोलून राह्यली का? तू नागपूरहून यवतमाळ, यवतमाळहून जीपमध्ये कोंबून दारव्ह्यालोक आली, ते कळते मले, पण तू आली म्हणून कॉपी आली असं होते का, अंजू? अंजूच न तू? उर्वशी फोनवर सांगे, आम्ही दोघीच हाओत आजी, मी चित्रं काढतो अन् अंजू बाकीचं सारं करते. तं तू बाकीचं सारं. पाणी पे. — मागंच पाठोली म्हणते? पाठोली असंन. मेलच तो, पोस्टमन थोडाच हाय दारात येऊन घंटी वाजवाले. गेला असंन कुठी. अन् उर्वशी काहून नाई आली? आजी तिची, अन् पाठोलं तुले. — भेते? मले? मी काय वाघीण हाओ का?

अन् मी वाईट तं काही बोललीच नाई. व्हिडिओ पाह्य पुन्हा. 'दुपार' नावाचा गेम खराब हाय असं मी एका शब्दानं म्हटलं नाई. मी इतकंच म्हटलं — उद्या गेम येऊन राह्यला, घरच्या पोरीनं बनोला, अन् माझ्याकडे तपासाले कॉपी आली नाई, समजणाऱ्यानं समजून घ्या. आता समजणारे समजले त्याले मी काय करू? — हो, मालूम हाय मले, लोक बुकिंग रद्द करून राह्यले, खाली लिहून राह्यले, नातीनं आजीले दाखोला नाई म्हणजे माल काय असंन. लिहू दे. नियम माझाच हाय, मी तो नातीसाठी वाकवू का?

नियम कुठून आला, तुले सांगतो. आमच्या भगवानरावाच्या पोरीसाठी बाभुळगावले पोरगा पाहाले गेलतो. भगवानराव म्हणजे माझा भाऊ. घर चांगलं, ओसरीत बाबासाहेबांचा फोटो हारासकट, सासू बोलाले गोड. आलुपोहे आले, पोरगा नाई आला. वावरात गेला म्हणे, येतेच. चहा आला, पोरगा नाई आला. केळं आलं, पुन्हा चहा आला — बाई, पोटात जागा राह्यली नाई अन् पोरगा काही येईना! दिवे लागले तवा आला अन् थेट कूलरच्या मागं जाऊन बसला. काहून? तं हवेनं तोंडाचा वास तिकडेच उडून जावा. भगवानराव भोळा, म्हणे पोरगा लाजाळू हाय. मी उठली, कूलरचं बटन बंद केलं. सारी ओसरी दारूनं घमघम! तवापासून माझं ठरलं — जो आपला माल मागून, उशिरा दाखोते, त्याच्या मालात काही तरी हाय. मोठमोठ्या कंपन्यायचं बी हेच. तो घोड्यायच्या लढाईचा गेम आलता न, त्याची कॉपी गेम ज्या दिवशी आला त्याच दिवशी सकाळी पाठोली, आधी नाई. काहून? घोडं पळता पळता गुडघ्यालोक जमिनीत जाये, म्हणून! पुण्यामुंबईचे पोट्टे 'थांबा, पाहू' म्हणत बसले, मी म्हटलं, कूलर बंद करा. झालं, 'माल पाहून बोला' हे माझं चॅनल साऱ्या वऱ्हाडात त्या दिवशी माहीत पडलं.

— हो, ते बी खरं. लहान टोळी असली तं शेवटच्या घडीलोक काम चालते, कॉपी द्याले उशीर होते, माल चांगला असते. मले समजत नाई का? जीव लावून राबणारा बी शेवटी देते अन् लपवणारा बी शेवटी देते. बाहेरून पाहणाऱ्यानं कसं ओळखावं? नाई ओळखता येत. आता सांगतो तुले, कोणाले सांगू नोको — नाईच ओळखता येत. पण व्हिडिओत 'नाई ओळखता येत' म्हटलं तं कोण पाहीन मले? लोकायले निकाल पायजे. म्हातारीनं ठणकावून सांगितलेला निकाल. अन् मले बी सवय लागली, बाई, ठणकावाची.

शाळा मी तिसरीलोक पाह्यली. इंग्रजी या टीव्हीसमोर शिकली. संघदीपनं, म्हणजे माझ्या पोरानं, सुरतेहून हे खेळाचं डबडं आणलं पोरीसाठी — तो अन् सून तिकडे कापडाच्या कारखान्यात, उर्वशी माझ्याजवळ. पोरगी शाळेत गेली का मी बसो. 'स्टार्ट' म्हणजे काय, 'एक्झिट' म्हणजे काय, कोणाले विचारलं नाई. विचाराची लाज वाटे. मरो, पुन्हा सुरू करो, मरो, पुन्हा सुरू करो. शेजारच्या बाया हसत — कांताबाई म्हातारपणी बंदुका चालवते! हसा म्हटलं. आज त्यायचेच नातू माझ्या व्हिडिओखाली अंगठे देते.

तं तुमच्या गेमाचं मले काय विचारते? मी पाह्यला नाई तं काय सांगू. एक घर हाय म्हणे, एक पोरगी, एक म्हातारी. त्यात खेळासारखं काय? न घोडा, न बंदूक. उन्हाळ्याची दुपार, टँकरचा भोंगा वाजते, म्हातारी पाण्याचा गुंड घेऊन पळते, बाहेरून कडी घालते, अन् पोरगी आपली खिडकीच्या गजातून — अशी काय पाह्यते? तुमच्या जाहिरातीत होतं न. टँकरवाला तो भाग. — नव्हता? खिडकी होती न? — तेवढीच? नुसती खिडकी?

हं.

पाणी पे न, उगाच हातात घेऊन बसली. — बरं. आलती. आलती कॉपी! तुम्ही पाठोली त्याच दिवशी आलती, झालं? आता काय फाशी देतं मले? मीच मेल उघडला अन् मीच म्हटलं नाई आली. अन् तवापासून रोज त्याच घरात जाऊन बसून राह्यली मी. सकाळी भाजी फोडणीले टाकतो अन् खेळतो, भाजी जळते, तरी खेळतो. चांगला हाय! तेच तं मरण हाय न, अंजू, चांगला हाय. कडी पडते तो आवाज — कुठून आणला वो तो आवाज? या दाराचा हाय न? याच. चोरून नेला पोट्टीनं मोबाईलमध्ये, दिवाळीले आलती तवा. दिवाळीभर दाराशी खुडबुड खुडबुड, मी म्हटलं तेल पायजे का कडीले, तं हसे नुसती.

आता मी काय करू ते तूच सांग. चांगला म्हटलं तं सारा तालुका खेळंन, अन् सारा तालुका म्हणंन, हेच ते कांताबाई, लेकराले कोंडून ठेवणारी. खराब म्हटलं तं खोटं होते, अन् मालाले खोटं मी कधी बोलली नाई, बोलणारबी नाई. मंग गप्प बसली. तं गप्प बसता येते का? माझ्याच नियमानं गप्प बसणं म्हणजे खराब! इकडे गेली तं दार बंद, तिकडे गेली तं दार बंद, अन् दारं सारी मीच लावलेली. उद्या सकाळी गेम येते. पोट्टे सकाळपासून विचारतीन, आजी, निकाल काय, आजी, निकाल काय.

अन् कडी मी कायले घालो, हे त्या गेमात कुठी हाय? सांग न! चित्रं काढणारीनं ते काहून नाई काढलं? टँकर आला का साऱ्या गल्लीच्या बाया तुटून पडत, पाइपासाठी झिंज्या ओढत. पोरगी एकडाव मागून पळत आली, टँकर मागं येऊन राह्यला होता, उकंडानं फ्रॉक धरून ओढली म्हणून वाचली. पानठेलेवाला उकंडा. तो नसता तं? तवापासून कडी. पाणी भरणं होयेलोक कडी. मंग बाजाराले जातानी कडी. मंग — मंग सवय झाली, बाई. पोरगी मोठी झाली तरी सवय राह्यली. नववीत होती तं म्हणे, आजी, मी आतून लावून घेतो न. मी म्हटलं नोको, मीच लावतो. कायले म्हटलं? मले नाई माहीत. पण पाणी तिच्यासाठीच भरत होती न मी! का माझ्या एकटीसाठी?

अन् शेवटची ते खोली. ते तिनं मुद्दाम केलं. मले कळते, मी काय आज खेळून राह्यली? शेवटच्या खोलीत आपण पोरगी नाई राहत. आपण म्हातारी होतो. हातात गुंड, आपण आत, अन् कडी बाहेरून पडते. तोच आवाज. अन् पोरीचे पाय दूर दूर जाते. बस. त्याच्यापुढे गेमच नाई. मी सारं करून पाह्यलं. दार वाजोलं, गुंड आपटला, खिडकीशी गेली, हाक माराचं बटन हाय ते दाबलं — कितीकदा दाबलं! नाई उघडत. रोज मी त्या दाराशी बसतो अन् रोज नाई उघडत. कोणाले विचारू? विचारलं तं कॉपी आली हे कळते. तं मी समजून घेतलं. पोरगी बोलली नाई कधी मले, उलटून एक शब्द नाई. हेच बोलली ते. बस आजी, आता तू आत बस. — बरोबर हाय न? तिनंच सांगितलं असंन तुले. सांग, मले राग नाई येणार.

— काय?

कसली चूक? — तुमची? — उघडाले पायजे होतं? हाक मारली का उघडाले पायजे होतं? म्या मारली न हाक, बोट दुखेलोक मारली! — अन् ते ऐकूच जात नव्हती? तुमच्या आधीच्या कॉपीत पोरीले ऐकूच जात नव्हतं? — अन् उर्वशी आता तिकडे बसून, रडून रडून दुरुस्त करून — म्हणून तुले पाठोलं? हे नवी कॉपी द्याले?

म्हणजे आधी आली तेच खराब. अन् हे मागून आली ते...

थांब. बोलू नोको. दार उघडल्यावर काय म्हणते ते पोरगी, ते नोको सांगू मले. एक अक्षर नोको सांगू. ठेव तिथं, टीव्हीपाशी. लावाचं कसं ते येते मले, तुझ्याआधीपासून येते. — जेवण? आता कायचं जेवण, भाजी जळली म्हटलं न, चौकात जाऊन खाऊन घे. उर्वशीले सांगजो कॉपी भेटली. आज भेटली, असंच सांग. अन् उद्या सकाळी निकाल मागतीन तं मागू दे, मी म्हणन, थांबा, मी अजून खेळून राह्यली. उशीर झाला म्हणतीन, म्हणू दे. ऊठ न आता, बॅग घे तुझी. — नाई, तू नोको बसू संगं. कोणीच नोको. जा म्हटलं न, बाई!