एकाहत्तरावी ओळ

भाची : बासष्ट. मी तीनदा मोजल्या, मावशी. दोनदा वरून खाली, एकदा खालून वर.

मावशी : खालून वर मोजल्या की कमी भरतात का?

भाची : नाही भरत, तेच सांगतेय. कविता बासष्ट ओळींची आहे आणि तुझ्या कार्डावर लिहिलंय, ओळ एकाहत्तर.

मावशी : आकडा उलटला असेल. सतराचे एकाहत्तर झाले. तीस वर्षं या लॅटिन कोशासाठी दाखल्यांची कार्डं लिहितेय मी. चाळीस हजारांत एखादा आकडा कोलांटी मारणारच.

भाची : सतरावी बघितली. तिथे मेंढ्या पाणी पितायत. मग सगळं पुस्तक पालथं घातलं. तुझ्या कार्डावरचं वाक्य त्यात कुठेच नाही.

मावशी : सगळं पुस्तक? तुला लॅटिन येतं कुठे तेवढं? दोन महिने झाले नाहीत इथे येऊन.

भाची : वाचता येत नाही, शोधता येतं. ‘फास्तिदिओ’, म्हणजे विटून तोंड फिरवणं, या क्रियापदाची रूपं तूच मला कागदावर लिहून दिलीस. प्रत्येक ओळीखाली पट्टी धरायची आणि ती अक्षरं दिसतात का बघायचं. दोन दिवस लागले. प्रयोगशाळेत आम्ही चार-चार तास एका काट्याकडे बघत बसायचो, त्यापेक्षा बरं.

मावशी : तुझी आई म्हणाली होती, पोरगी चिवट आहे, तुझ्याकडे काही काम असेल तर बघ. मी म्हटलं, दाखले पडताळायला चिवटच हवी. हौसेने धोंडा पाडून घेतला पायावर.

भाची : धोंडा कसला?

मावशी : काही नाही. चहा निवतोय तुझा.

भाची : निवू दे. अजून एक सांगायचंय. त्या पुस्तकाची पानं जोडलेली होती. छापखान्यातून आली तशी, घडीची घडी. मी पट्टीने सोडवली. म्हणजे ते पुस्तक या कचेरीत आल्यापासून कुणी उघडलेलंच नाही. संपादक सरांनी नाही आणि तूही नाही.

मावशी : हं.

भाची : आणि कार्डाच्या कोपऱ्यात सरांची निळी सही आहे. ‘मूळ ग्रंथाशी ताडून पाहिले.’ काय ताडलं त्यांनी? भिंत?

मावशी : हळू बोल. पलीकडेच बसलेत.

भाची : बसू देत. मला किळस येतेय. आधी नुसती त्या बोटाची यायची, थुंकी लावून कार्डं उलटतात ना, त्याची. बघ, प्रत्येक कार्डाचा कोपरा कसा फुगलाय. मी दिवसातून सहा वेळा हात धुते. आता त्या सहीचीही येते. थुंकी लावण्यापलीकडे त्यांनी या कार्डांना काही केलेलंच नाही.

मावशी : एका कार्डावरून एवढं म्हणू नये.

भाची : एकावरूनच म्हणता येतं. वजनकाट्यावर काहीच न ठेवता त्याने एकदा वजन दाखवलं की मागची सगळी वजनं गेली. आणि हे काय साधं कार्ड आहे? गेल्या महिन्यात सभेत त्यांनी ‘एका क्रियापदाचे चरित्र’ म्हणून भाषण केलं. शेवटी हीच ओळ म्हणून दाखवली. “जो हात मला भरवायचा, त्याच्याच वासाने आता मी तोंड फिरवतो.” मागच्या रांगेतल्या बायका डोळे पुसत होत्या. म्हणाले, विद्यार्थी असताना ही ओळ प्रथम वाचली आणि पुस्तक मिटून रडलो.

मावशी : तिसऱ्या रांगेत होते की मी. रुमाल नव्हता आणला, नाहीतर मीही तोंडाला लावला असता. हसू आवरायला.

भाची : हसू?

मावशी : अगं, जी ओळ मी या टेबलावर बसून चार वर्षांपूर्वी रचली, ती हा गृहस्थ चाळीस वर्षांपूर्वी वाचून रडला होता.

भाची : तू रचलीस.

मावशी : आता तोंड मिट, माशी जाईल.

भाची : मावशी, तू रचलीस?

मावशी : ऐक तरी. त्या दिवशी सरांना या कोशाबद्दल पदक मिळालं होतं. कोश बघायला पाहुणे आले. त्यातल्या एकाने विचारलं, या कोण? तर म्हणाले, “या बाई होय? या कार्डं लावून ठेवतात.” लावून ठेवतात! जशी काही भांडी फडताळात. मग पाहुणे गेल्यावर इथेच बसून जेवले. डब्याचं तेलकट झाकण ठेवलं ते याच क्रियापदाच्या कार्डांवर. जेवण झाल्यावर म्हणाले, बाई, उठताच आहात तर जरा धुऊन आणा.

भाची : आणि तू धुतलंस.

मावशी : धुतलं. तेव्हाच स्वतःची शिसारी आली मला. परत आले, कोरं कार्ड ओढलं आणि मनात होतं ते लिहिलं. लॅटिनमध्ये, कारण इथे रागसुद्धा त्याच भाषेत यायला लागतो. टाकूनच द्यायचं होतं. पण हाताची सवय बघ. कार्डाच्या खाली ग्रंथाचं नाव नसलं की मला ते कार्ड उघडं-नागडं वाटतं. हाताने आपसूक खाली एक नाव लिहून टाकलं.

भाची : आपसूक? आणि नेमकं त्याच पुस्तकाचं, ज्याची पानं जोडलेली आहेत?

मावशी : तुझ्या आईने तुला वकिलीला घालायला हवं होतं.

भाची : मावशी.

मावशी : बरं. नाव लिहीपर्यंत सवय. तिथे हात थांबला, शुद्धीवर आले. मग ओळीचा आकडा मात्र मुद्दाम घातला. बासष्ट ओळींची कविता आहे हे आपल्या ग्रंथसूचीतच आहे. म्हटलं, एकाहत्तर घालते. माणसाने पुस्तक नुसतं उघडलं तरी कळेल. मला बोलावतील, ओरडतील, आणि मी म्हणेन, चला, उघडता तरी. दुसऱ्या दिवशी सरांकडून कार्डांची पेटी परत आली. निळी सही. कोपरा ओला.

भाची : आणि तू चार वर्षं गप्प.

मावशी : आधी गंमत वाटली. मग भीती. मग ते भाषण झालं.

भाची : मला त्यांची किळस आली ना, तेव्हा एक प्रकारचं बरं वाटलं होतं. आपण वेगळे आहोत असं. आता तुझी येतेय आणि ती मला सोसत नाही. या क्रियापदाची बाकीची सदतीस कार्डं मी ताडली, मावशी. एक स्वल्पविराम इकडचा तिकडे नाही. मी घरी आईला सांगत होते, असं काम मी प्रयोगशाळेतही बघितलं नाही.

मावशी : काय काय आठवतं त्यातलं?

भाची : आत्ता परीक्षा घेतेस?

मावशी : सांग. मला ऐकायचंय.

भाची : पोट तुडुंब भरलेला माणूस दहा ताटल्यांमधलं उष्टावतो आणि एकही संपवत नाही, ते कार्ड. मेंढपाळाने आणलेली भेट न घेणारा तो गावातला देखणा तरुण. पैसा आल्यावर जुन्या मित्राला ओळख न देणारा. लांबलेल्या भाषणाला विटलेले श्रोते. आणि मला सगळ्यात आवडलेलं, गुरांवरच्या ग्रंथातलं. बैल भुकेला असून गव्हाणीकडे पाठ फिरवतो, तेव्हा बैलाला औषध पाजू नका, आधी गव्हाण बघा. कोंबड्या शिरल्या असतील, घाण केली असेल. पहिल्या दिवशी तू म्हणालीस, सडक्याला लाथाडायला काय लागतं? त्याला दुसरी क्रियापदं आहेत. हे क्रियापद समोर मांडलेल्या अन्नाचं आहे. भूक असो नसो, तोंड फिरवायचं.

मावशी : चांगली शिकलीस.

भाची : उद्या सकाळी या अक्षराची पानं छपाईला जाणार. आज सरांना सांगायला हवं. पण सांगितलं की तुझी बाकीची कार्डं...

मावशी : तोच विचार करतेय मी. चार वर्षं तोच करतेय.

(संपादक कार्डांची पेटी घेऊन आत येतात. उजव्या हाताची तर्जनी ओठांशी.)

संपादक : काय गं मुली, झाली का पडताळणी? पोर हुशार आहे हो बाई तुमची. फक्त पडताळते फार.

भाची : एक शंका होती, सर. भाषणातली ती शेवटची ओळ. तुम्ही कुठल्या प्रतीत वाचलीत?

संपादक : कुठल्या म्हणजे? इथल्याच. खिडकीजवळच्या कपाटातली. अजून तो पानांचा वास नाकात आहे.

भाची : त्या प्रतीची पानं जोडलेली होती. परवा मी सोडवली. हे बघा, कडांचे तंतू अजून पांढरे आहेत.

संपादक : असं? मग... मग दुसरी प्रत असेल. चाळीस वर्षं झाली. माझ्या गुरूंकडे एक होती. जास्त ओळींची.

मावशी : सर, राहू द्या. जास्त ओळींची प्रत नाही कुठे. ती ओळ माझी आहे.

संपादक : तुमची म्हणजे, तुम्ही शोधलेली. ते कोण नाकारतंय?

मावशी : मी रचलेली. तुमच्या डब्याचं झाकण धुऊन आल्यावर.

संपादक : कसलं झाकण?

मावशी : बघा, तेही आठवत नाही. रडलेलं मात्र आठवतं.

संपादक : दार लोटून घे गं जरा. हं. हे आणखी कुणाला ठाऊक आहे?

भाची : सर, तुम्हाला राग नाही आला?

संपादक : राग येऊन काय होणार? भाषणाची पुस्तिका छापून झाली, दोनशे प्रती टपालात पडल्या. शिवाय ओळ चांगली आहे बाई, खरंच चांगली. आपण असं करू. ओळीचा आकडा काढू. ‘एका लुप्त कवितेतील तुकडा’ एवढंच घालू. लुप्त कविता कोण ताडून बघणार?

भाची : शी!

संपादक : तू मध्ये बोलू नकोस. बाई, तुम्ही शहाण्या आहात. एक कार्ड खोटं म्हणून सांगितलंत, की लोक चाळीस हजारांवर बोट ठेवतील. तुमचा जन्म गेलाय त्यात. माझं काय, मी म्हातारा, मला पदक मिळून गेलं. आणि... हे मी आजच बोलणार होतो. मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर तुमचं नाव घालू. ‘संपादन’ खाली, माझ्या नावाशेजारी. त्याच टायपात. तीस वर्षांनी का होईना, न्याय व्हायला हवा.

मावशी : त्याच टायपात?

संपादक : त्याच. आत्ता छापखान्यात फोन करतो.

मावशी : तीस वर्षांत मी ते पान कितीदा मनात जुळवलंय, सर. माझं आडनाव लांब आहे, एका ओळीत मावेल का, याचीसुद्धा काळजी करून झालीय.

संपादक : मावेल हो. मावायला काय झालं?

भाची : मावशी, तू काही म्हण. मी घरी जाते.

मावशी : थांब. ते कार्ड दे इकडे. सर, फोन करा, पण वेगळ्या पानासाठी. शेवटी शुद्धिपत्र असतं ना, तिथे घाला, की ‘फास्तिदिओ’खालचं अमुक कार्ड मी खोटं लिहिलं, आणि खाली माझं नाव. लहान टायपात चालेल. दोन ओळींत मोडलं तरी चालेल.

संपादक : वेड लागलंय तुम्हाला. आणि निळी सही? ती माझी आहे.

मावशी : तिचं तुम्ही बघा. मी माझ्या अक्षरापुरतं बोलतेय.

संपादक : छपाई थांबेल. वर्ष, दोन वर्षं. लोक तुमची एकेक ओळ उकरतील.

मावशी : त्यांच्या आधी आम्ही उकरतो. ही चिवट पोरगी आहे ना.

संपादक : विचार करा बाई. संध्याकाळपर्यंत विचार करा. मी बसलोय पलीकडे.

भाची : गेले. दारही नीट लावलं नाही... मावशी, ते पान हवं होतं ना तुला?

मावशी : हवं होतं? अजूनही हवंय गं. भूक काय अशी जाते?

भाची : मग?

मावशी : मग काय. पहिला खण काढ. पहिल्या कार्डापासून सगळी पुन्हा ताडायची, पुस्तक उघडून. आणि बादलीत पाणी घे, एक फडकं घे. आधी हे टेबल पुसू.