एकोडीचं चाक

तुम्ही म्हणता, कंपन्या हल्ली बाहेरच्या लोकांना भागीदार करून नवं काही शोधतात. खरं आहे, मीही शेतीची अवजारं बनवणाऱ्या एका कंपनीचा असा भागीदार होतो. कृषी अभियांत्रिकीतली डॉक्टरेट होती म्हणून मला ‘ज्ञान-भागीदार’ म्हणत.

एकोडी गावच्या सुखदेवची ओळख मीच कंपनीला करून दिली. तळ्याखालच्या त्याच्या धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, चिखलणी करताना पॉवर टिलर रुतायचा, म्हणून त्यानं लोखंडी चाकांना तिरप्या पट्ट्या जोडल्या होत्या. कंपनीचे साहेब आले, पोहे खाल्ले, व्हिडिओ काढला आणि म्हणाले, “काका, आजपासून तुम्ही आमचे इनोव्हेशन पार्टनर.”

पुढच्या हंगामात तेच साहेब गावात नवं चाक विकायला आले. पट्ट्या तशाच तिरप्या. सुखदेवला शाल घालून त्याच्याच हातून नारळ फोडून घेतला. मग त्याच्या अंगणातलं जुनं चाक दिसलं आणि साहेब गंभीर झाले. “काका, ही आमच्या डिझाइनची नक्कल आहे. आम्ही ते नोंदवलंय. हे वापरू नका.”

सुखदेव माझ्याकडे वळला. “सर, पट्ट्या त मीनं लावल्या होत्या न? सांगा न यायले.”

मी म्हणालो, “करारात नेमकं काय आहे, ते बघावं लागेल.” एवढंच सुचलं मला.

“राहू द्या सर,” सुखदेव हसला. “साहेब, बांधीतला चिखल त आमचाच आहे न? का त्याचीबी नोंद करून टाकली?”

साहेबही हसले. “बरं आठवलं, काका. पुढच्या मॉडेलसाठी चिखलाचा नमुना द्याल का? भागीदारच आहात तुम्ही.”