धावपट्टीशेजारचा राब

अब्दुल : ...सगळा धूर धावपट्टीवर चाललाय, मावशी. विमान वर घिरट्या घालतंय. राबाला पेटवलेला पाला विझवा आधी.

बयाबाई : आज बेस्तरवार हाय. इमान मंगळवारी येतं. तूच वाडीत सांगून गेलास न्हवं, मंगळवार सोडून कवाबी भाजा म्हनून? मुकादम झालास म्हून काय वार बी तुजंच?

अब्दुल : सांगितलं होतं, कबूल. पण आज ते रेशन घेऊन आलेलं नाही. वर डोंगरावर रडारच्या कामावर माणूस पडलाय, त्याला पुण्याला न्यायला आलंय.

बयाबाई : त्या समिंदराकडं बघत बसनाऱ्या जाळीवर? तिला समिंदर दिसतो, हितं माजा राब पेटलेला न्हाई दिसला?

अब्दुल : चेष्टा नको, मावशी. जीपने लोणावळ्याला न्यायचा तर वाटेतल्या गचक्यांनीच संपेल, असं डॉक्टर म्हणतात. पायलटला पट्टी दिसली तर तो उतरेल, नाहीतर पेट्रोल संपायच्या आत माघारी जाईल.

बयाबाई : अन् माज्या वर्साचं काय? सारा उन्हाळा शेण येचलं, पाला तोडून डोक्यावर आनला. जिमीन भाजली न्हाई तर भाताचं रोप धरत न्हाई, निस्तं गवत माजतं. पाऊस तोंडावर आलाय. आता दुसरा पाला कुटनं आनू?

अब्दुल : मी पाण्याचा टँकर मागवतो.

बयाबाई : पानी मारलंस तर दुप्पट धूर हुईल, शान्या. पडलाय कोन?

अब्दुल : मजूर आहे एक.

बयाबाई : मजूर समदं आमच्याच वाडीचं. नाव सांग.

अब्दुल : आधी विझवा, मग सांगतो.

बयाबाई : तोंड का फिरवतोस? गेणू हाय न्हवं?

अब्दुल : ...हो. तुमचा दीर. शिडीवरून पाय निसटला.

बयाबाई : कुनाचा दीर? आमचं बोलनं तुटलंय. परसाल त्याचं बैल माज्या रोपात शिरलं. हा बांधावर हुबा ऱ्हाऊन बिडी वडत हुता. जाब इचाराया गेले तर म्हनला, बैलाला काय कळतंय, वैनी! बैलाला न्हाई कळत, पर ह्याला तर कळत हुतं? ते साल मी रानातली कंदं उकरून काढलं, अब्दुल.

अब्दुल : ठाऊक आहे मला. म्हणूनच नाव घेत नव्हतो. माणसं बोलावून मीच राब उधळला असता, पण तुमच्या वर्षाच्या अन्नावर पाय द्यायला जीव होत नाही. डोकं फुटलंय त्याचं, मावशी. शुद्ध नाही.

(विमान डोक्यावरून पुन्हा एकदा जातं.)

बयाबाई : फावडं दे हिकडं.

अब्दुल : सांभाळून, पाय भाजतील!

बयाबाई : भाजू दे. तू बघत काय ऱ्हायलास? समदं वढून त्या कातळावर ढकल. तितं भडकून जळंल, धूर ऱ्हायचा न्हाई. वढ, वढ! जिता हाय तवर वढ!

अब्दुल : बस, मावशी, बस. धूर फाटला. बघा, उतरतंय! मी पळतो, त्याला चढवायला हवं.

बयाबाई : जा.

अब्दुल : शुद्धीवर आला तर काय सांगू त्याला?

बयाबाई : त्याचा राब परवाच भाजून झालाय. म्हनावं, यंदा तुज्या राबात माजं भाताचं बी पडनार. नको म्हनायचं असंल तर सोताच्या पायानं माज्या दारात येऊन म्हन.