पास्त्याला तीन शिट्ट्या

रुखमाबाई : हा गॅस आहे का पणती, तेवढं सांग मले.

चिन्मयी : ट्रेकिंगचा स्टोव्ह आहे, आई. एवढाच असतो.

रुखमाबाई : याच्यावर माणसाचं पोट कसं भरन?

चिन्मयी : दोघींपुरतं होतं बरोबर.

(खापा गावाच्या पुढच्या डोंगरात तळ्याकाठी तंबू लागलेत. नागपूरहून निघालेला ट्रेकिंग ग्रुप आपापली भांडी मांडून बसलाय. दिवस मावळायला अजून अवकाश आहे. चिन्मयी स्टोव्हपुढे उकिडवी, तिची सासू रुखमाबाई शेजारच्या दगडावर; नवरा धर्मेंद्र घरीच राहिलाय. चिन्मयीला सासूला एक गोष्ट सांगायची आहे. सकाळपासून ती जिभेवर येते आणि परत जाते.)

रुखमाबाई : धर्मेंद्रची कंबर ऐन वेळेवर धरली म्हणून. नाही तं मी काहून डोंगर चढली असती या वयात?

चिन्मयी : तुम्ही तर सगळ्यांच्या पुढे होत्या. विहंग मला म्हणे, काकूंना थांबवा, लीडर मी आहे.

रुखमाबाई : लीडर आहे तं मागं काहून राहते? अन् हे काय म्हणते त्याले?

चिन्मयी : पास्ता.

रुखमाबाई : नळ्या आहेत. लग्नाच्या पंगतीत वाढतात त्या. तळतात त्याले, शिजवत नाहीत.

चिन्मयी : या वेगळ्या, आई. थोड्या पाण्यात शिजवायच्या, पाणी आटत आलं की ही टोमॅटो सूपची पुडी आणि चीज. एकाच भांड्यात सगळं. पाठीवर सामान घेऊन चालायचं तर असंच करावं लागतं.

रुखमाबाई : अन् फोडणी कधी?

चिन्मयी : फोडणी नाही.

रुखमाबाई : दवाखान्यात देतात तसं?

चिन्मयी : तसं समजा.

रुखमाबाई : बरं. शिजलं हे कसं समजन?

चिन्मयी : एक नळी काढून चावून बघायची.

रुखमाबाई : म्हणजे पयले उष्टं करायचं, मंग वाढायचं.

चिन्मयी : आई, मी हातपंपावरून पाणी भरून आणते. याला हात लावू नका. झाकणसुद्धा काढू नका.

रुखमाबाई : मी काहून काढीन? जाय तू.

*

चिन्मयी : आई, शिट्टी कशाची वाजली?

रुखमाबाई : पाखरू असन.

चिन्मयी : पाखरू तीनदा वाजलं. सगळा कॅम्प इकडे बघून राहिला.

रुखमाबाई : जंगल आहे. तीनदा वाजते पाखरू.

चिन्मयी : पदराआड काय आहे?

रुखमाबाई : काही नाही. लहाना कुकर.

चिन्मयी : तुम्ही डोंगरावर कुकर आणला?

रुखमाबाई : लहानाच आहे वं. दोन लिटरचा.

चिन्मयी : म्हणून तो विहंग विचारत होता, काकूंच्या बॅगेत दगड आहेत का.

रुखमाबाई : तुह्या भांड्यात काही समजतच नव्हतं. ना वास, ना आवाज. म्हटलं, कच्चं राह्यलं तं पोट दुखन पोरीचं. शिट्टी झाली का माणूस निश्चिंत राहते.

चिन्मयी : उघडा.

रुखमाबाई : वाफ जाऊ दे.

चिन्मयी : उघडा, आई.

रुखमाबाई : थोडं नरम झालं.

चिन्मयी : नळ्या कुठे गेल्या?

रुखमाबाई : असतीन खाली.

चिन्मयी : ही खळ झाली. पोस्टर चिकटवायची खळ.

रुखमाबाई : याले जिरं-मोहरीची फोडणी देली ना, तं कोणाले समजणार नाही. मी डबी आणली आहे.

चिन्मयी : नको. नको ना फोडणी. तो माझा स्टोव्ह होता, आई.

रुखमाबाई : तं मी काय पळवला?

चिन्मयी : घरी ओटा तुमचा, गॅस तुमचा, मला मान्य आहे. या घरात येऊन दोन दिवाळ्या झाल्या, मी साधे पोहे सुरुवातीपासून शेवटपर्यंत केले नाहीत. मी कांदा चिरते, तुम्ही म्हणता जाडा झाला. मी पोहे भिजवते, तुम्ही अजून पाणी मारता. शेवटी माझ्या हातात फक्त प्लेटा राहतात.

रुखमाबाई : मी तं मदत करतो.

चिन्मयी : मला माहीत आहे. पण इथे तरी, एवढ्याशा आगीवर, एक गोष्ट माझ्या हातून होऊ द्यायची होती. चांगली नसती झाली तरी चाललं असतं.

रुखमाबाई : पाणी पी थोडं.

चिन्मयी : आई, आम्ही वर राहायला जाणार आहोत.

रुखमाबाई : वर कुठं?

चिन्मयी : वरच्या मजल्यावर. भाडेकरू गेले ना, तेव्हापासून रिकामाच आहे. स्वयंपाक वेगळा करायचा असं ठरवलं आम्ही.

रुखमाबाई : आपल्याच घरी?

चिन्मयी : हो.

रुखमाबाई : एक जिना चढून जायचं, हे सांगाले मले डोंगर चढवला?

चिन्मयी : मी नाही चढवला. धर्मेंद्र म्हणाला, माझी कंबर दुखते, आईला घेऊन जा. मोकळ्या हवेत तूच सांग, तिचा तुझ्यावर जीव आहे.

रुखमाबाई : मले म्हणे, चिन्मयी एकली जाऊन राहिली, माह्या जिवाले घोर लागला, तू सोबत जाय. कंबरेवर हात ठेवून सांगे.

चिन्मयी : कंबर खरंच दुखत असेल.

रुखमाबाई : लाव त्याले फोन. स्पीकरवर टाक.

धर्मेंद्र : हॅलो. पोचल्या का गं तुम्ही?

रुखमाबाई : मी बोलतो. कंबर कशी आहे गा?

धर्मेंद्र : आई? आहे तशीच. पडून आहो मी.

रुखमाबाई : मांगून आवाज कायचा येते?

धर्मेंद्र : टीव्ही चालू आहे.

रुखमाबाई : टीव्हीतला माणूस तुले रोटी बटरवाली पाहिजे का साधी, असं काहून विचारते?

धर्मेंद्र : ते मित्र आले घ्यायले. म्हणाले, गाडीत टेकून बस, कंबरेले आराम पडते.

रुखमाबाई : बटर लावल्यावर अजून पडन.

धर्मेंद्र : चिन्मयीनं काही सांगतलं का तुले?

रुखमाबाई : कायचं?

धर्मेंद्र : नाही, असंच विचारलं. हवापाणी कसं आहे तिकडचं?

रुखमाबाई : सांगतलं तिनं. तू काहून नाही सांगतलं?

धर्मेंद्र : तू रडली असती तं मी वर गेलोच नसतो, आई. मंग ती रडली असती. मी मधात काय केलं असतं?

रुखमाबाई : ठेव फोन. जेव. रोटी थंडी झाली का चिवट होते.

*

चिन्मयी : आई. बोला ना काही.

रुखमाबाई : काय बोलू?

चिन्मयी : रागावलात?

रुखमाबाई : रागाचं नाही वं. खाली मी एकली काय रांधू, ते पाहून राहिली. एका माणसाची कणिक भिजवली तं हातालेच लागून संपते.

चिन्मयी : जेवायला वर यायचं. रोज.

रुखमाबाई : तू करशील?

चिन्मयी : मी करीन.

रुखमाबाई : अन् मी नुसती पाहात बसू?

चिन्मयी : हो.

रुखमाबाई : कठीण आहे.

चिन्मयी : माहीत आहे मला. थांबा, उद्या सकाळचे नूडल्स आहेत, तेच करते आता. तुम्ही दगडावरून उठायचं नाही.

रुखमाबाई : नाही उठत.

चिन्मयी : काय झालं?

रुखमाबाई : कुठं काय?

चिन्मयी : तोंड उघडलं होतं तुम्ही.

रुखमाबाई : जांभई आली.

चिन्मयी : पाणी जास्त झालं असं वाटतंय ना तुम्हाला?

रुखमाबाई : मी तळ्याकडं पाहून राहिली. बगळे आहेत तिथं.

चिन्मयी : घ्या. काट्याने खाता येईल?

रुखमाबाई : हातानं खातो. हे तं संपतच नाही, शेवटच सापडत नाही याले.

चिन्मयी : कसं झालंय?

रुखमाबाई : खरं सांगू?

चिन्मयी : सांगा.

रुखमाबाई : पाणचट झालं. तिखटही नाही.

चिन्मयी : बरं.

रुखमाबाई : पण गरम आहे. अन् आयतं आहे. आयतं गरम मी कधी खाल्लं, आठवत नाही मले. सगळ्याइले वाढून होईपर्यंत माहं नेहमी थंडच राहे.

चिन्मयी : अजून वाढू?

रुखमाबाई : तुले पुरन का?

चिन्मयी : पुरेल.

रुखमाबाई : मंग वाढ थोडं. अन् ऐक, वर तुह्या घरी आली तं मी बाहेरच्या खोलीत बसत जाईन. ओट्यापाशी येणार नाही.

चिन्मयी : या ना. यायचं नाही असं नाही म्हटलं मी.

रुखमाबाई : नाही येत. आली का हात जाते माहा. पण पाव्हणीसारखी नको बसवू वं मले.

चिन्मयी : मग काय करू?

रुखमाबाई : लसूण सोलाले देत जाय.